‘आ-छान’ला हसणारे हाँगकाँगकर: थट्टा, माज की आणखी काही?

कौलूनकर (धागाकर्ता)

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना सोपं जाईल. कॅन्टोनीज बोलीतला ‘आ-छान’ हा शब्द मला गमतीचा वाटत नाही, कृतघ्नपणाचा वाटतो.

शब्द कुठून आला ते थोडक्यात. १९७९ मध्ये हाँगकाँगच्या टीव्हीबी वाहिनीवर एक मालिका लागली. एक कुटुंब चीनमधून हाँगकाँगला येतं, धाकटा मुलगा मागे राहतो, आणि मोठा झाल्यावर एक दिवस दारात येऊन उभा राहतो. त्याचं नाव छिंग छान. इथला भाऊ शिकलेला, नीटनेटका (ती भूमिका चाउ युन-फॅटची). छान मात्र ढगळ कपड्यांतला, मोठ्या आवाजाचा, पैजेवर हॅम्बर्गरमागून हॅम्बर्गर कोंबणारा. लिउ वाय-हुंग या नटाने तो इतका झकास उभा केला की चीनमधून नव्याने आलेल्या प्रत्येक माणसाला लोक ‘आ-छान’ म्हणू लागले. ‘आ’ हा घरगुती हाकेचा, आपल्या ‘अरे’सारखा. ‘छान’चा अर्थ खरं तर ‘झळाळी’.

आता त्या वेळचा हिशोब बघा. १९४५ मध्ये युद्ध संपलं तेव्हा हाँगकाँगात जेमतेम ६ लाख माणसं होती. १९५० पर्यंत २२ लाखांच्या घरात गेली. ती काही आभाळातून पडली नव्हती, डोंगर चढून, बोटींत लपून, खाडी पोहून आली होती. १९७४ पासून सरकारचा नियम तर असा होता की सीमेवर सापडलात तर परत, पण शहरापर्यंत पोचून नातेवाईक गाठलात तर ओळखपत्र मिळेल. थोडक्यात आट्यापाट्याच, शेवटची पाटी ओलांडली की गडी वाचला. ऑक्टोबर १९८० मध्ये हा नियम बंद झाला. म्हणजे मालिका बघून पोट धरून हसणाऱ्या घरांमध्ये कालपरवाच पाटी ओलांडून आलेला कोणीतरी बसलेला होता.

हे आत्ता आठवायचं कारण आमच्या ऑफिसातलं. हुनान प्रांतातून आलेला एक नवा सहकारी आमच्याबरोबर जेवायला आला. इथल्या छा-छान-थेंगमध्ये (चहा-नाश्त्याचं हॉटेल, आपल्या इराण्याचा चुलतभाऊ म्हणा) बसल्या बसल्या समोर फिकट चहाचा पेला आपटतात. बरेच लोक त्यात चमचे-काड्या विसळतात. याने तो उचलला आणि पिऊन टाकला. वर वेटरला मँडरिनमध्ये (चीनच्या राजभाषेत) विचारलं, अजून मिळेल का? पलीकडचा स्थानिक सहकारी माझ्याकडे बघून हलकेच म्हणाला, ‘आ-छान’. टेबलावरचे तिघे खाली मान घालून हसले. त्या हुनानवाल्याकडे त्या तिघांपेक्षा मोठी पदवी आहे. त्याला कॅन्टोनीज येत नाही, पण आपल्यावर हसताहेत हे कळायला भाषा लागत नाही.

बोला.

चहाबाज

आधी खुलासा हवा. ‘छा-छान-थेंग’मध्ये बसलेला ‘आ-छान’ चहा प्यायला, यात वाईट काय? सगळंच छान आहे की.

कौलूनकर

दोन्ही ‘छान’चे सूर वेगळे आहेत. चुकीच्या सुरात म्हणालात तर वेटर तुमच्यावरही हसेल.

सडेतोड सदू

कौलूनकर, लेख चांगला, निष्कर्ष साफ चूक.

जगात असं एक शहर दाखवा जे खेड्यावर हसत नाही. मुंबईने घाटावरून आलेल्या गिरणी कामगाराला ‘घाटी’ म्हटलं, तोच घाटी पुढे चाळीच्या गच्चीवर उभा राहून नव्या भिडूला घाटी म्हणू लागला. हसणं म्हणजे शहरात शिरण्याचा टोलनाका. एकदा भरायचा आणि पुढे जायचं. त्यात कृतघ्नपणा कसला?

दुसरं असं की तुम्हीच म्हणता लिउ वाय-हुंगने पात्र झकास उभं केलं. लोकांना छान आवडत होता म्हणून नाव चिकटलं. ज्याचा राग येतो त्याच्या नावापुढे कोणी घरगुती ‘आ’ लावत नाही.

तिसरं, उदाहरणासकट. वाँग फे. बीजिंगची मुलगी, १९८७ मध्ये हाँगकाँगला आली आणि पुढे कॅन्टोनीज गाण्यांची सम्राज्ञी झाली. शहर हसतंही आणि डोक्यावरही घेतं. तुम्ही फक्त पहिला अर्धा भाग सांगताय.

कौलूनकर

सदूभाऊ, वाँग फेचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. रेकॉर्ड कंपनीने पहिल्या अल्बमला तिचं स्वतःचं नाव वापरलंच नाही. ‘शर्ली’ केलं, चिनी नावही बदललं, वेशभूषा इथल्या मुलींसारखी केली. ती स्वतःच्या नावावर परतली ती नाव कमावल्यावर, अमेरिकेत काही काळ राहून आल्यावर. म्हणजे टोल भरला तो असा, मूळ गाव झाकून. एवढा टोल तुम्ही भरला असता का?

सडेतोड सदू

अहो, दिलीपकुमारही यूसुफ खान होते. सिनेमा-गाण्याच्या धंद्यात नावं बदलतातच. प्रत्येक नावबदलात अपमान शोधायचा म्हटला तर कठीण आहे.

शा टिनची सून

मी दोघांशीही असहमत आहे. कौलूनकरांशी जास्त.

माझं सासर हाँगकाँगचं. शा टिनला सरकारी वसाहतीत राहतो. सासरे ग्वांगतुंगमधल्या थोइसान भागातले, १९६२ च्या त्या मोठ्या लोंढ्यात आलेले. तेव्हा त्या एका मे महिन्यात माणसांची नुसती रीघ लागली होती. तर आमच्या घरात ‘आ-छान’ सगळ्यात जास्त कोण म्हणतं? सासरेच. आणि कोणाला? बहुतेक वेळा स्वतःला. नव्या मोबाइलवर काही उघडेना की म्हणतात, ‘बघ, मी अजून आ-छानच.’ त्यामुळे ‘विसरले’ हा आरोप मला पटत नाही. ते काही विसरलेले नाहीत.

आणि तो फिकट चहा. कौलूनकर, तो आमचे सासरेही पितात. सासूबाई त्यात काड्या विसळतात, ते पितात, चाळीस वर्षं यावर घरात भांडण चालू आहे. तुमच्या सहकाऱ्याला चहावरून हसायचंच नव्हतं, मँडरिनवरून हसायचं होतं.

इथेच तुमचा मुद्दा हुकतो. १९७९ मधलं हसणं हे वरून खाली होतं, मान्य. आजचं तसं नाही. २००३ मध्ये चीनच्या पर्यटकांना एकट्याने येण्याची परवानगी मिळाली, त्यानंतर सीमेजवळच्या शंग-श्वी स्टेशनबाहेर बघितलंय का तुम्ही? फुटपाथवर सूटकेसा उघड्या टाकून चीनला न्यायचे दुधाच्या पावडरीचे डबे रचत बसलेली माणसं. माझा मुलगा तेव्हा तान्हा होता आणि आमच्या दुकानात डबा मिळत नव्हता. शेवटी सरकारला मार्च २०१३ पासून माणशी दोनच डबे बाहेर नेता येतील असा नियम करावा लागला. घरभाडं, शाळेची जागा, बाळंतपणाची खाट, सगळीकडे हीच ओढाताण. वर शाळेत चिनी विषय मँडरिनमधून शिकवायची टूम. इतक्या मोठ्या देशाच्या कडेला इतकंसं शहर. त्याच्या हातात उरलं काय, तर जीभ. ती चालवली की तुम्ही त्याला माज म्हणणार?

भाषाभोळा

धागा रंगतोय. थोडी शब्दसामग्री पुरवतो, कारण सगळे एकाच शब्दात अडकलेत आणि त्यामुळे वेगवेगळ्या गोष्टी एका पिशवीत पडताहेत.

‘आ-छान’च्या किती तरी आधीचा शब्द ‘दाइ-हाँग-लेइ’, शब्दशः ‘थोर गावकरी’. ‘दाइ-हाँग-लेइ शहरात आला’ असं पूर्ण म्हणतात, उंच इमारतीकडे मान वर करून बघत राहणाऱ्याला. यातला ‘हाँग’ म्हणजे गाव आणि हाँगकाँगमधला ‘हाँग’ म्हणजे सुगंध. चिन्हं वेगळी, उच्चार आणि सूर मात्र तंतोतंत एक! मग ‘लोउ-थोउ’, म्हणजे ‘जुनी माती’. हा माणसापेक्षा कपड्यांना, केसांना, लग्नाच्या फोटोंना लावतात. ‘स्यू’ म्हणजे बटाटा. गावचा असायची गरज नाही, बावळट दिसला की झाला बटाटा. चीनमधून सरकारी कामावर येणाऱ्या अधिकाऱ्याला एके काळी ‘बिउ-सोक’ म्हणत, म्हणजे लांबचा काका. तो सांस्कृतिक क्रांतीच्या काळातल्या एका ऑपेरातून आला, त्यातली मुलगी गाते की आमच्या घरी येणाऱ्या काकांची गणतीच नाही. आणि चीनमधल्या ग्वांगचौ शहरात उत्तरेकडच्या माणसाला ‘लाउ-सुंग’. ही मँडरिनमधल्या ‘लाओ-श्युंग’ची, म्हणजे ‘दादा’ची मोडतोड. तो बिचारा आदराने दादा म्हणत आला आणि तेच त्याचं टोपणनाव झालं.

आता बघा. ‘दाइ-हाँग-लेइ’ खेड्यावर आहे, ‘लोउ-थोउ’ फॅशनवर, ‘बिउ-सोक’ सत्तेवर, ‘लाउ-सुंग’ भाषेवर. सूनबाई म्हणतात ते ‘बिउ-सोक’ला लागू पडतं, काकांकडे सत्ता होती, मागून हसणं हे प्रजेचं हसणं होतं. ‘आ-छान’ला ते कसं लागू पडेल?

दर्यावर्दी

मंडळी, मी रत्नागिरीकडचा, जन्म बोटीवर गेला. तुमच्या यादीत एक शब्द राहिला, तो आपल्यासाठीचा. ‘आ-छा’. हाँगकाँगच्या धक्क्यावर हिंदी माणूस दिसला की ‘आ-छा’. कोणी सांगतं आपण दर वाक्याला ‘अच्छा, अच्छा’ म्हणतो त्यावरून पडला. कोणी म्हणतं पोलिसाला कॅन्टोनीजमध्ये ‘छाइ-यान’ म्हणतात, त्यातलं चिन्ह तेच, आणि इंग्रजांनी शीख पोलीस आणले होते त्यावरून.

शंग-वानला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो ती गल्ली तुम्ही पाहिली असेल. इंग्रजी नाव अप्पर लॅस्कर रो. लॅस्कर म्हणजे आपले खलाशी. चिनी पाटीवर ‘मो-लो’ रस्ता लिहिलंय, तेही आपल्यासारख्यांचंच नाव, काही फार गौरवाने दिलेलं नाही. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकचं काम आमच्याच भागातले लोक करत, सारंगापासून खाली सगळे. ते या गल्लीत उतरत असतील असं मनात आणून मी तिथे एक जुना कंदील घेतला होता. घासाघीस करताना दुकानदार बायकोला म्हणाला, ‘आ-छा’ सोडत नाही. मला कळलं. मी म्हटलं, ‘अच्छा?’ आणि किंमत खाली आली.

लागलं काय? नाही लागलं. आपल्याला लावून घ्यायची सवय नव्हती.

मोंगकोकचा गण्या

काका, तुम्ही संध्याकाळी बोटीवर परत जात होता. आम्ही सकाळी त्याच वर्गात परत जायचो.

मी हाँगकाँगात वाढलो, आईबाबांनी हौसेने स्थानिक शाळेत घातलं होतं. ‘आ-छा’ रोज ऐकलं. पण मला सांगायचंय ते दुसऱ्याच शब्दाबद्दल, कारण त्यावर कोणी बोललंच नाही आणि माझ्या पिढीत तोच सगळ्यात जास्त चालायचा. ‘एमके-जाय’. एमके म्हणजे मोंगकोक, कौलूनमधला स्वस्त बाजाराचा गजबजलेला भाग, जाय म्हणजे पोरगा. मुलगी असेल तर ‘एमके-मुइ’.

वर्णन ऐका: केस पिवळेधमक, पुढची बट डोळ्यावर, मागचे केस साळिंदरासारखे उभे. जपानी मासिकातला कट, पण मोंगकोकच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वस्त सलूनमध्ये मारलेला. कमरेला साखळी. शाळेची पँट शिंप्याकडून आवळून घेतलेली, इतकी की बसताना जपून. बॅगेला लटकन. हातात फिशबॉलची काडी. बोलताना प्रत्येक वाक्यात एक शिवी, ती इथे लिहिता येणार नाही.

यात गावचा कोणीच नव्हता. सगळे हाँगकाँगात जन्मलेले, सगळ्यांची कॅन्टोनीज अस्सल. फरक एवढाच की ते शाम-शुइ-पो, क्वुन-थोंग, थ्युन-मुनच्या सरकारी वसाहतींतले. सेंट्रल आणि मिड-लेव्हल्स या श्रीमंत भागांतल्या इंग्रजी शाळांतली पोरं त्यांना एमके म्हणायची. जपानी फॅशन दोघांनाही हवी होती. एकाने तोक्योहून आणली, दुसऱ्याने आर्गाइल सेंटरच्या गाळ्यातून. पहिला ‘स्टायलिश’, दुसरा ‘एमके’.

म्हणून मला सूनबाईंचं ‘लहान शहर, मोठा देश’ पटत नाही. चीनचा संबंधच नसेल तिथेही हे शहर स्वतःच्याच पोरांवर असंच हसतं. आणि कौलूनकरांचं ‘कृतघ्नपणा’ही नाही पटत. मोंगकोकला हसणाऱ्यावर मोंगकोकचे उपकार कुठले? सरळ पैशाचा मामला आहे. भाव परवडत नाही पण हौस आहे, अशा माणसावर हसतात. ज्याला हौसच नाही त्याच्यावर कोणी हसत नाही.

भाषाभोळा

गण्या, शेवटची दोन वाक्यं झकास. एक भर घालतो. मोंगकोकला कॅन्टोनीजमध्ये ‘वाँग-कोक’ म्हणतात, ‘म’ कुठेच नाही. ‘म’ आला तो इंग्रजी स्पेलिंगमधून, ते जागेच्या जुन्या नावावरून पडलं. म्हणजे इंग्रजी आद्याक्षरांनी हिणवायचं ते इंग्रजी न येणाऱ्याला.

सडेतोड सदू

पण एमकेवाले स्वतः अभिमानाने एमके म्हणवून घेत होते ना?

मोंगकोकचा गण्या

घेत होते. मीही एक वर्ष केस पिवळे केले होते, आईने आठवडाभर अबोला धरला. पण दहावीनंतर नोकरीची मुलाखत आली की तेच केस रातोरात काळे. अभिमान होता तर मुलाखतीला का नाही नेला?

शेन्झेनवारी

मी पुण्याहून मोबाइलचे सुटे भाग आणायला हाँगकाँगच्या सीमेपलीकडे शेन्झेन शहरातल्या ह्वाच्यांगपेइच्या बाजारात जातो, कामापुरतं मँडरिन येतं. तुमच्या भांडणात मला गंमत वाटतेय ती अशी की तुम्ही सगळे जुन्या हिशोबावर भांडताय. पारडं केव्हाच फिरलंय.

शब्दही आहे त्याला, ‘काँग-छान’. हाँगकाँगचा छान. चीनमध्ये जाऊन गोंधळणारा हाँगकाँगकर. शब्द नव्वदीपासून आहे म्हणतात, पण खरा बहर आता. फेब्रुवारी २०२३ मध्ये सीमा पूर्ण उघडली तेव्हापासून शनिवार-रविवारी अख्खं हाँगकाँग शेन्झेनला लोटतं. जेवण स्वस्त, मसाज स्वस्त, दाताचा डॉक्टर स्वस्त. जानेवारी २०२४ मध्ये तिथे कॉस्टको हे अमेरिकी घाऊक दुकान उघडलं तेव्हा गाड्या भरभरून माल निघाला. पूर्वी सूटकेसा दक्षिणेकडे यायच्या, आता उत्तरेकडे जातात.

परवाचंच. सीमेवरच्या ल्वोहूजवळच्या खाणावळीत शेजारच्या टेबलावर साठीचं जोडपं, हाँगकाँगचं. काका हात वर करून मेन्यूकार्ड मागताहेत, पोरगी टेबलाच्या कोपऱ्यातल्या चौकोनी ठिपक्यांकडे बोट दाखवतेय. काका तो चौकोन नखाने खरवडून बघतात. मग मोबाइल काढतात, तर त्यांचं ॲप वेगळं, इथे चालत नाही. मग शंभराची नोट. पोरीकडे सुट्टे नाहीत, ती मागच्या खोलीत शोधायला जाते, पलीकडचे तरुण गालात हसतात. शेवटी माझ्या मोबाइलवरून पैसे भरले, काकांनी नोट मला दिली. १९८० मध्ये चीनने शेन्झेनला विशेष क्षेत्र केलं तेव्हा तिथे बव्हंशी शेतं आणि मच्छिमारांच्या वस्त्या होत्या. काकांनी ती पाहिलेली असणार.

तर कौलूनकर, काळजी करू नका. फिट्टंफाट झालेली आहे.

कौलूनकर

फिट्टंफाट कोणाची कोणाशी? खाणावळीत गोंधळलेले काका आणि १९७९ मध्ये पात्रावर हसलेला टीव्हीचा मालक, ही एकच माणसं आहेत का? ते काका तेव्हा कदाचित स्वतःच नवखे असतील. दोन्ही वेळा मार त्यांनाच. हसणारे बदलले म्हणून हिशोब मिटतो असं नाही.

आणि सूनबाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो, टाळत नाही. दुधाचे डबे, खाटा, शाळा, सगळं खरं. पण ‘आ-छान’पासून सुरू झालेली गाडी कुठे पोचली ते तुम्ही गाळलंत. १ फेब्रुवारी २०१२ ला इथल्या एका मोठ्या दैनिकात लोकवर्गणीतून पानभर जाहिरात आली. डोंगरावर बसलेला अगडबंब टोळ, खाली शहर. टोळ म्हणजे चिनी माणूस. त्याच्या थोडं आधी आगगाडीत कोणी मुलीने शेवया खाल्ल्या त्यावरून झालेल्या भांडणाचा व्हिडिओ आणि त्यावर बीजिंगच्या प्राध्यापकाने हाँगकाँगकरांना ‘कुत्रे’ म्हणणं झालं होतं, तेही नालायकच. पण टोळाच्या शिवीत सूटकेसवाला व्यापारी आणि नवऱ्याकडे राहायला आलेली बाई, दोघं एकाच रांगेत. चीनमधून कायमचं यायला दिवसाला १५० परवाने मिळतात, १९९५ पासून. त्यांत बहुतेक हाँगकाँगकरांच्याच बायका आणि मुलं. ती येऊन इथे भांडी घासतात, म्हाताऱ्यांना आंघोळी घालतात. तुमची ‘जीभ’ मोठ्या देशाला लागत नाही, त्यांना लागते.

वकिली चष्मा

कायद्याचं एक वाक्य टाकून जातो, कोणाच्याच बाजूने नाही. हाँगकाँगात वंशभेदाविरुद्धचा कायदा २००८ मध्ये झाला, २००९ मध्ये पूर्ण लागू झाला. दर्यावर्दी काकांना ‘आ-छा’ म्हणून कामावरून डावललं तर त्या कायद्याखाली दाद मागता येते. हुनानवाल्याला ‘आ-छान’ म्हणून डावललं तर येत नाही, कारण डावलणारा आणि डावललेला दोघं एकाच वंशाचे, आणि ‘नव्याने आलेला’ हा वंश नव्हे. गोऱ्या माणसाला ‘ग्वाय-लो’, म्हणजे भुताडा, म्हणतात त्यावर एक इंजिनियर कोर्टात गेला होता. २०२२ मध्ये जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला. शब्द मूळचा अपमानाचा असला तरी आता सर्रास चालतो, नुसता वापरला म्हणून भेदभाव होत नाही, संदर्भ बघावा लागतो, असा एकूण सूर.

सडेतोड सदू

संदर्भ! मी वेगळं काय म्हणतोय?

वकिली चष्मा

तुम्ही टोलनाका म्हणत होतात.

शा टिनची सून

कौलूनकर, परवान्यावर आलेल्या बायकांबद्दल म्हणालात ते मला मान्य आहे. आमच्या वसाहतीत खालच्या मजल्यावर एक आहे, हुनानचीच. तिचा मुलगा माझ्या मुलाच्या वर्गात आला तेव्हा श्रुतलेखनात त्याने चीनमधली सोपी चिन्हं लिहिली, इथे जुनी, भरगच्च चिन्हं चालतात. बाकीच्या पोरांनी वही ओढून ‘पांगळी अक्षरं’ म्हणून वर्गभर फिरवली. हा शब्द पोरांनी घरातूनच उचललेला, मोठी माणसं म्हणतात तोच. माझा मुलगा त्यात होता. मी त्याला खाली नेऊन त्या बाईच्या दारात उभं केलं.

पण त्यावरून तुम्ही पूर्ण भाषेलाच तंबी देता तिथे मी अडते. २०१० मध्ये ग्वांगचौमध्ये, जिथे ही बोली जन्मली त्या शहरात, टीव्हीवरचं कॅन्टोनीज कमी करायचा प्रस्ताव आला तेव्हा माणसं रस्त्यावर उतरली होती. आज त्या शहरातल्या शाळांच्या आवारात पोरं आपसात मँडरिन बोलतात, माझ्या नणंदेची मुलंही. थट्टेचे, शिव्यांचे, टोमण्यांचे शब्द आधी जातात, कारण ते पुस्तकात नसतात. तुम्हाला बोली हवी, पण धुऊन, इस्त्री करून.

भाषाभोळा

सूनबाई, बोली टोमण्याने टिकते हे निम्मंच खरं. ‘पांगळी अक्षरं’ म्हणून ज्या पोराची वही फिरवली तो उद्या कॅन्टोनीज बोलेल कशाला? तो घरात मँडरिन, बाहेर गरजेपुरती. बोलणारा माणूस एकाने कमी झाला. सासऱ्यांनी थोइसानची बोली सोडून हाँगकाँगची उचलली, कारण तेव्हा हाँगकाँगसारखं बोलण्यात मान होता. आता येणाऱ्याला तो मान मँडरिनमध्येही मिळतो. मग तुमच्याकडे त्याने का यावं, हसून घ्यायला?

शा टिनची सून

सासरे थोइसानची बोली सोडून बसलेले नाहीत. भावाशी फोनवर तीच बोलतात, आणि सासूबाई स्वयंपाकघरातून त्यांची नक्कल करतात. सासूबाई ग्वांगचौच्या, साय-क्वानच्या. तिथली बोली म्हणजे तुमच्या सदाशिव पेठेची. त्यांच्या लेखी अख्खं हाँगकाँगच दाइ-हाँग-लेइ.

चहाबाज

म्हणजे सासूबाई कौलूनकरांच्या त्या स्थानिक सहकाऱ्यालाही हसतील?

शा टिनची सून

हसल्यात. तो ‘न’च्या जागी ‘ल’ म्हणतो का विचारा कौलूनकरांना. इथे निम्मं गाव म्हणतं. सासूबाई अशांना जेवताना मध्येच थांबवून पुन्हा म्हणायला लावतात.

कौलूनकर

म्हणतो. ‘नेइ हो’ (म्हणजे नमस्कार) ऐवजी ‘लेइ हो’ म्हणतो, रोज सकाळी. पण त्याला थांबवायला ऑफिसात सासूबाई नाहीत. हुनानवाल्याला थांबवायला तिघे आहेत. तो आता डबा आणतो आणि जागेवरच जेवतो. सोमवारपासून मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढणार आहे. सदूभाऊ, याला तुमच्या टोलनाक्यात काय म्हणतात ते कळवा.

सडेतोड सदू

पास. पण तुम्ही एकट्याने काढून दिलेला. नाका तसाच आहे, आणि तो तिथे राहणार हे मी अजूनही म्हणतो.